रेईश मागूशचे सेबॅस्टियन डिसोझा: गाणी सगळ्यांना पाठ, नाव कुणालाच नाही

वाळपई (प्रतिनिधी) : विविध भारतीवर जुनं गाणं लागण्याआधी निवेदक चार नावं सांगतो. चित्रपट कुठला, गायक कोण, शब्द कुणाचे आणि संगीत कुणाचं. आमच्या पिढीने ही चार नावं ऐकत-ऐकत गाणी पाठ केली. पण त्याच गाण्यात मागे साठ-सत्तर जणांचा ताफा वाजत असतो. व्हायोलिनची रांग, चेलो, ट्रम्पेट, अ‍ॅकॉर्डियन, मँडोलिन, बासरी. त्या प्रत्येकाने काय वाजवायचं, कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, हे कागदावर कुणी लिहिलं आणि समोर उभं राहून ताफा कुणी चालवला, ते पाचवं नाव रेडिओवर कधी येत नाही.

राज कपूरच्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांपुरतं बोलायचं तर ते पाचवं नाव आपल्या गोव्याचं आहे. सेबॅस्टियन डिसोझा. गाव रेईश मागूश, तालुका बार्देश. पणजीहून मांडवीच्या पलीकडे पाहिलं की किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी पांढरं चर्च दिसतं, तेच हे गाव. जन्म 1906, मृत्यू 1996. नव्वद वर्षांचं आयुष्य, आणि त्यातली पंचवीसेक वर्षं अशी की भारतातल्या घराघरात त्यांचं काम वाजत होतं.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. संगीताचं शिक्षण नाही. वाळपईत राहून पंचायत, पाणी, म्हादई, काजूचे दर याच्या बातम्या देतो. पण कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी, गोवा असा सगळा पट्टा ज्या गाण्यांवर वाढला, ती गाणी उभी करणारा माणूस आपल्याच मातीतला होता, आणि तरी आपल्याकडे त्यांच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

चर्चच्या शाळेतलं शिक्षण

सेबॅस्टियन यांना समजून घ्यायचं तर आधी बार्देश-सासष्टीतल्या जुन्या शाळा समजून घ्याव्या लागतात. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी ज्या भागावर राज्य केलं, तिथे प्रत्येक चर्चला जोडून एक शाळा असे. तिथे अक्षरओळखीबरोबर संगीत शिकवलं जाई. पाच रेघांवर लिहिलेले स्वर वाचायचे, पाहताक्षणी गायचे, मग व्हायोलिन हातात घ्यायचं. शिकवणारे मास्तर हेच रविवारी चर्चमधल्या गायकांचे आणि वादकांचे म्होरके. मिस्साची गाणी चार आवाजांत बसवायची. दोन उंच, दोन खालचे. चौघे वेगवेगळं गातात, पण ऐकणाऱ्याला एकच भरीव आवाज ऐकू येतो. उपासाच्या दिवसांत गायची लॅटिन मोटेट गोव्यातल्याच मास्तरांनी रचलेली आहेत.

आपल्या सत्तरी, डिचोली, पेडणे या भागात ही परंपरा तशी रुजली नाही. हे तालुके पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी आले. आपल्याकडे देवळातलं भजन, दशावतार, रणमाले, काला आणि पुढे संगीत नाटक. तिकडे फोंड्याच्या देवस्थानांच्या आश्रयाने मंगेशीचे मास्टर दीनानाथ, केरीच्या केसरबाई केरकर तयार झाल्या. (ही केरी फोंडा तालुक्यातली, आपल्या सत्तरीतली नव्हे. हा घोळ नेहमी होतो.) म्हणजे एवढ्याशा गोव्यात दोन संगीतं शेजारी-शेजारी चालली होती. एक एका स्वराच्या मागे जात राग उलगडणारं, दुसरं एकाच वेळी चार स्वर लावून त्यांचा मेळ पाहणारं. दोघांची गाठ गोव्यात फारशी पडली नाही. ती पडली मुंबईत, आणि ती घालून देणाऱ्या माणसांत सेबॅस्टियन यांचं नाव फार वरचं आहे.

पोटासाठी लाहोर

त्या काळी संगीत शिकलेल्या मुलाला गोव्यात पोट भरण्याइतकं काम नव्हतं. चर्चच्या मास्तराचा पगार तो किती असणार? म्हणून ही मुलं बाहेर पडली. इंग्रजांच्या पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, आगबोटी, थंड हवेच्या ठिकाणची हॉटेलं, मूकपटाच्या पडद्यासमोर वाजवणारे ताफे, जिथे स्वर वाचता येणारा माणूस लागे तिथे गोंयकार पोचला. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावाच्या कूडी होत्या. गावच्या माणसाला स्वस्तात झोपायला जागा, एक पेटी ठेवायला कोपरा. कित्येक वादकांनी त्या पेटीवर बसून आयुष्य काढलं.

सेबॅस्टियन गेले ते थेट पंजाबात. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात त्यांचा स्वतःचा बँड होता आणि तो चांगला चालत होता. लाहोर त्या वेळी मोठं शहर. साहेब लोकांचे नाच-गाण्याचे कार्यक्रम, वर चित्रपटाचाही धंदा जोरात. 1941 साली तिथेच तयार झालेल्या 'खजांची'ला गुलाम हैदर यांनी दिलेलं संगीत देशभर गाजलं होतं. ओ. पी. नय्यर हा मुलगाही लाहोरचाच. सेबॅस्टियन यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. दोघांची ओळख तिथली.

मग 1947 चा ऑगस्ट आला आणि लाहोर दुसऱ्या देशात गेलं. हॉटेलं ओस पडली, नाचणारे साहेब निघून गेले, शेजारी शेजाऱ्याला ओळखेना. गोव्याचा माणूस कागदावर पोर्तुगालचा प्रजाजन, धर्माने ख्रिस्ती. भांडण त्याचं नव्हतं, पण रोजगार मात्र त्याचाही गेला. चाळिशी उलटलेल्या सेबॅस्टियन यांना जमलेला बँड, जमलेलं नाव मागे टाकून मुंबईला यावं लागलं. आपण सीमाभागातली माणसं. नकाशावरची एक रेघ सरकली की माणसाचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मुंबईतली नवी सुरुवात

मुंबईत तेव्हा चित्रपटसंगीत बदलत होतं. आधी गाण्यामागे पाच-दहा वाद्यं पुरत. गायक जे गातो तेच सारंगी-व्हायोलिन मागोमाग वाजवणार, तबला ठेका धरणार. युद्धानंतर चित्रपटात पैसा आला, पडदा मोठा वाटू लागला, तसा संगीतालाही मोठा आवाज हवा झाला. पण संगीतकार बहुतेक पेटीवर चाल बांधणारे. पन्नास वादकांना पन्नास वेगळ्या गोष्टी सांगायच्या कशा? तोंडी सांगून पाठ करून घ्यायला आठ दिवस लागले असते. इथे कागदावर स्वर लिहू शकणाऱ्याची गरज लागली आणि ती गोव्याच्या माणसांनी भागवली.

अळदोणेचे आंतोनियो शावियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हे सी. रामचंद्रांकडे. 'अलबेला'मधला तो उडता बाज आठवा. कुडचडेचे फ्रँक फर्नांड, ज्यांनी पुढे 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोकणी चित्रपट काढले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे आर. डी. बर्मन आणि प्यारेलाल शिकले. आणि रेईश मागूशचे सेबॅस्टियन.

ओ. पी. नय्यर यांचा संगीतकार म्हणून पहिला चित्रपट 'आसमान', 1952 चा. लाहोरची ओळख इथे कामी आली. नय्यर यांच्यासाठी सेबॅस्टियन यांनी 1973 पर्यंत, म्हणजे वीस वर्षांवर काम केलं. टांग्याच्या चालीतली, चुटकीच्या ठेक्यावरची ती गाणी ऐकताना मागे व्हायोलिन कसे नेमक्या जागी येऊन निघून जातात, ते बघा. त्याच 1952 च्या सुमाराला ते शंकर-जयकिशन यांच्याकडे आले आणि 1975 पर्यंत तिथे राहिले. सलील चौधरी यांच्याबरोबरही त्यांनी बरंच काम केलं. तिघांचे बाज एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. नय्यर यांना पंजाबी ठसका हवा, शंकर-जयकिशनना भव्यपणा, सलीलदांना पाश्चात्त्य सिम्फनीच्या अंगाने जाणारी गुंतागुंतीची बांधणी. तिघांनाही हवं ते देणारा माणूस एकच होता.

नेमकं काम काय?

आता वाचक विचारतील, चाल तर संगीतकाराची, मग या माणसाने केलं काय? रास्त प्रश्न आहे. जरा तपशिलात सांगतो.

संगीतकार पेटीवर चाल ऐकवतो. मुखडा, अंतरा. त्या दोघांच्या मधल्या जागेत काय वाजावं याची कल्पनाही बहुतेक वेळा तोच गुणगुणून देतो. सेबॅस्टियन ते ऐकून पाच रेघांच्या कागदावर उतरवत. मग खरं काम सुरू. हा तुकडा व्हायोलिनला द्यायचा की बासरीला? व्हायोलिन एका सुरात वाजवायचे की तीन गट करून तीन वेगळ्या सुरांत? गायिका लांब स्वर धरते तेव्हा मागे चेलोने खालून काय करायचं? गाण्याच्या मागून चालणारी एक दुसरीच चाल असते, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही, पण ती काढून टाकली तर गाणं सपाट वाटतं. ती दुसरी चाल रचणं हे सेबॅस्टियन यांचं खास काम मानलं जातं. हिंदी चित्रपटगीतात स्वरांचा असा थरावर थर रचण्याची रीत 1950 ते 1975 या काळात ज्यांनी पक्की केली, त्यांत त्यांचा क्रमांक पहिल्या रांगेत लावतात.

यात अडचण होती. आपल्या रागाला नियम असतात. अमुक स्वर चालत नाही म्हणजे नाही. पाश्चात्त्य पद्धतीने एका स्वराखाली आणखी दोन-तीन स्वर लावले की त्यातला एखादा रागाला नको असलेला निघतो आणि गाण्याचा रंग बिघडतो. शंकर-जयकिशनना भैरवीचं वेड. भैरवीत रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल. तिच्याखाली तिकडचा ठरीव मेळ आंधळेपणाने लावला तर भैरवी राहणार नाही. मींड, मुरकी, स्वरावरून स्वरावर घसरत जाणं हे तर चर्चच्या शाळेत शिकवलेलंच नसतं. चाळिशीनंतर सेबॅस्टियन हे शिकले. कधी थर लावायचा आणि कधी गायकाला एकटं सोडून गप्प बसायचं, याचा अंदाज त्यांना आला. आमच्या हिशेबाच्या भाषेत, नोंद कुठे करायची याइतकंच कुठे करायची नाही हेही कळलं पाहिजे.

दुसरं, वेळ. तेव्हाच्या काळ्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. मुखडा, दोन किंवा तीन अंतरे, मधले तुकडे सगळं त्यात. एक तुकडा दहा सेकंद लांबला तर अंतरा कापावा लागणार. हे सगळं कागदावरच ठरवायचं.

छडी हातात घेतल्यावर

मग येई ध्वनिमुद्रणाचा दिवस. ताडदेवचं फेमस स्टुडिओ, तिथे मिनू कात्रक ध्वनिमुद्रक. आजच्यासारखं नाही की तबला सोमवारी वाजवला, व्हायोलिन बुधवारी आणि गायिका तिच्या सवडीने येऊन गेली. सगळे एकाच वेळी, एकाच ठिकाणी. साठ, ऐंशी, शंकर-जयकिशन यांच्याकडे कधी शंभराच्या घरात वादक. गायक त्यातच. सकाळपासून सराव, नंतर मुद्रण. शेवटच्या ओळीत एकाचा हात चुकला, एखाद्याची वादी सैल पडली, तर गाणं पहिल्यापासून.

अशा वेळी समोर उभं राहून ताल देणारा माणूस म्हणजे सगळ्यांचा आधार. सेबॅस्टियन छडी घेऊन उभे. त्यांच्यासमोर दोन प्रकारचे वादक. एका बाजूला कागद वाचून वाजवणारे, बहुतेक गोव्याचे आणि पारशी. दुसऱ्या बाजूला कागदाची गरज नसलेले, ऐकून वाजवणारे: तबला, ढोलक, सतार, बासरी, सारंगी. पहिल्यांना मात्रा मोजता येते पण ठेका माहीत नसतो, दुसऱ्यांना ठेका रक्तात असतो पण पाच रेघा दिसत नाहीत. दोघांनी एका क्षणी एकत्र सुरुवात करायची.

इथे दुसरे गोंयकार मदतीला होते. दत्ताराम वाडकर. जन्म गोव्याचा, लहानपण सावंतवाडीत, तबल्याचे गुरू पंढरीनाथ नागेशकर. शंकर-जयकिशन यांच्याकडे तालवाद्यांची सगळी बाजू दत्ताराम सांभाळत. त्यांच्या ढोलकाच्या एका ठेक्याला वादकांनी दत्ताराम ठेका असंच नाव दिलं. पुढे ते स्वतंत्र संगीतकारही झाले. 'अब दिल्ली दूर नहीं' आणि 'परवरिश' त्यांचे. सुरांची बाजू बार्देशच्या ख्रिश्चन माणसाकडे, तालाची बाजू सावंतवाडीत वाढलेल्या मराठी माणसाकडे. आणि समोर गायला मंगेशीच्या दीनानाथांची मुलगी लता. ताडदेवच्या त्या खोलीत गोव्याची दोन्ही संगीतं एकत्र उभी होती. मंगेशी आणि रेईश मागूश ही दोन्ही गावं सकाळी निघून पाहून संध्याकाळी वाळपईला परत येता येतं, इतकी जवळ. पण त्यांच्या संगीताला एकत्र यायला मुंबई गाठावी लागली.

ऐकायचं असेल तर 'श्री 420' मधलं छत्रीखालचं पावसातलं द्वंद्वगीत ऐका, 1955 चं. 'चोरी चोरी'तलं चांदण्यातलं ऐका, 1956 चं. 'दिल अपना और प्रीत पराई'मध्ये बोटीवर मीनाकुमारी गाते ते ऐका, 1960 चं. लताबाईंच्या मागे समूहाचा आवाज कसा लाटेसारखा येतो-जातो, त्याकडे कान द्या. मुख्य चाल आपल्याला पाठच आहे. एकदा ती सोडून फक्त मागचं ऐका. वेगळंच गाणं ऐकल्यासारखं वाटेल.

ऑपेरा, तियात्र आणि आपलं संगीत नाटक

छडी घेऊन ताफा चालवणारा हा माणूस युरोपात ऑपेराच्या मंचापुढे असतो. ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक. रंगमंचापुढे खालच्या बाजूला वादक बसतात आणि मधे संचालक. गाणाऱ्याने किती लांबवायचं हेही त्याच्या हातावर. आपल्याकडे 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं, तेव्हापासून संगीत नाटक चाललं ते ऑर्गन, तबल्याच्या साथीवर. तिथे राजा गायक नट. त्याने पद अर्धा तास खुलवलं तरी साथीदाराने मागे जायचं. संचालकाला जागाच नाही.

गोव्याने मात्र दोन्हीच्या मधली एक वाट काढली. आसगावचे लुकाझिन रिबेरो मुंबईत एका इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर काम करत होते. ते पाहून त्यांनी 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत 'इटालियन भुरगो' हे कोकणी नाटक रंगमंचावर आणलं. तियात्राची सुरुवात तीच मानतात. आजही तियात्राच्या मंचापुढे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रमचा ताफा बसतो. म्हणजे गोव्याच्या माणसाला वाद्यवृंद चालवणं नवीन नव्हतं. चर्चमध्ये होतं, तियात्रात होतं. सेबॅस्टियन यांनी तेच कौशल्य हिंदी गाण्यात आणलं आणि गायक हाच राजा ही आपली जुनी रीतही मोडली नाही. गायक पुढे, ताफा मागे, पण ताफ्याशिवाय गायकाचं चालत नाही, असा तो तोल होता.

पडद्यावर दारुड्या, पडद्यामागे उस्ताद

आता थोडं कडू बोलायला हवं. त्याच काळातल्या हिंदी चित्रपटात गोव्याचा ख्रिश्चन माणूस कसा दाखवत? बाटली हातात, मोडकं हिंदी, हसण्यावारी नेण्याचा माणूस. आणि त्याच चित्रपटाचं संगीत लिहून, चालवून, वाजवून देणारे निम्मेअधिक हात गोव्याच्या ख्रिश्चनांचे. पडद्यावर त्यांची टिंगल चालू असताना मागे व्हायोलिन तेच वाजवत होते. रोजचा मेहनताना घेत होते आणि घरी जात होते.

शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सेबॅस्टियन आणि दत्ताराम ही नावं येतात. हे मोठं मन म्हणायचं, कारण कित्येकांची नावं येतच नसत. पण येतात ती सहायक म्हणून. फिल्मफेअर पुरस्कार शंकर-जयकिशन यांना नऊ मिळाले, पहिला 'चोरी चोरी'साठी. वाद्यमेळ रचणाऱ्याला वेगळा पुरस्कार तेव्हा नव्हता. रेकॉर्ड लाखांनी विकली तरी त्याच्या वाट्याला पुढे काही नाही. काम झालं, पैसे चुकते, विषय संपला. हिशेब पाहणारा माणूस म्हणून मला हे खटकतं. एका बाजूला एवढी जमा दिसते आणि ज्याच्या श्रमातून ती आली त्याचं खातंच उघडलेलं नाही.

सगळ्यांनी हे गुमान सोसलं असंही नाही. अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. भारतीय रागांवर रचलेलं पाश्चात्त्य धाटणीचं संगीत, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला. वाद्यवृंद पडद्यामागून पुढे आणण्याचा तो प्रयत्न होता. तो धंद्यात टिकला नाही. साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर चित्रपटाकडे वळले नाहीत. पुढे 1977 साली शिष्य प्यारेलाल यांच्या संगीतातल्या एका गाण्यात त्यांचं नाव आलं आणि ते देशभर झालं. प्यारेलाल यांचे जोडीदार लक्ष्मीकांत, आडनाव कुडाळकर, हे सिंधुदुर्गच्या वाचकांना सांगायला नको. पण त्या नावाचा खरोखरचा माणूस आहे हे किती जणांना ठाऊक होतं? अमिताभच्या अंड्यातून बाहेर येण्याखाली तो माणूस झाकला गेला.

सेबॅस्टियन यांच्या वाट्याला तर गाण्यातलं नावही आलं नाही. त्यांनी मागे उभं राहून काम करण्याची वाट धरली आणि शेवटपर्यंत ती सोडली नाही.

यात आणखी एक ताण होता, तोही आज कुणी सांगत नाही. 1955 पासून भारत सरकारने गोव्याची कोंडी केली. रेल्वे बंद, व्यापार बंद, ये-जा अवघड, मुंबईहून घरी पैसे पाठवणं कठीण. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. म्हणजे 'श्री 420'पासून पुढची सहा-सात वर्षं, ज्या गाण्यांवर भारत नाचत होता ती वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांचं स्वतःचं गाव सीमेपलीकडे अडकलं होतं. आई आजारी पडली तर पोचता येईल का, याची खात्री नाही. आणि सकाळी स्टुडिओत मात्र आनंदाचं गाणं वाजवायचं.

परत गावाकडे

जयकिशन 12 सप्टेंबर 1971 ला गेले. शंकर यांनी जोडीचं नाव तसंच ठेवून काम चालू ठेवलं, पण दिवस बदलले होते. 1975 च्या सुमाराला सेबॅस्टियन निवृत्त झाले. वय सत्तरीला टेकलं होतं. ते गोव्याला परतले. त्यानंतरची वीस वर्षं गोव्यात गेली आणि 1996 साली त्यांनी डोळे मिटले. दत्ताराम वाडकर यांनीही अखेरचे दिवस गोव्यातच काढले आणि 2007 साली ते गेले. सुराची बाजू आणि तालाची बाजू, दोघेही परत मातीकडे आले.

सेबॅस्टियन निवृत्त झाले त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत त्यांचं कामही हळूहळू संपलं. आधी अनेक पट्ट्यांवर वेगवेगळं मुद्रण सुरू झालं, मग इलेक्ट्रॉनिक कळफलक आला. एकाच वाद्यातून व्हायोलिनची अख्खी रांग निघू लागली. खरे व्हायोलिनवाले घरी बसले. छडी घेऊन शंभर माणसांना एका श्वासात सुरू करणारा संचालक लागेनासा झाला.

सगळ्यात मोठं नुकसान कागदांचं. हजारो गाण्यांचे हाताने लिहिलेले ते कागद वाद्यवृंदाची सगळी अक्कल सांगणारे होते. गाणं झालं की त्यांची किंमत संपली. स्टुडिओंनी ते जपले नाहीत, रद्दीत गेले. आज एखाद्या ताफ्याला ही गाणी जशीच्या तशी वाजवायची असतील, तर रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकून एकेक स्वर नव्याने लिहून काढावा लागतो. बापाने घर बांधलं, नकाशा फेकून दिला आणि आता नातू भिंती मोजतोय, तशातला प्रकार.

आपण काय करू शकतो

पणजीत कला अकादमी आहे. तिथे पाश्चात्त्य संगीत शिकवतात, भारतीयही शिकवतात. आपल्या सत्तरीतली, डिचोलीतली मुलं आता शाळेत पेटी-तबल्याबरोबर गिटार आणि कीबोर्डही शिकतात. चवथीला आरतीच्या साथीला कीबोर्ड दिसतो. या मुलांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. एकाच माणसाला दोन्ही संगीतं कळू शकतात आणि ती कळायला चाळिशीनंतरही उशीर झालेला नसतो.

आणि गोव्यातल्या दोन्ही बाजूंनीही ऐकण्यासारखी आहे. आपल्याकडे मराठी नाट्यसंगीताचा अभिमान वेगळ्या सभेत सांगतात, चर्चच्या संगीताचा वेगळ्या सभेत. एकमेकांच्या सभेला जाणारे थोडे. सेबॅस्टियन आणि दत्ताराम मात्र वीस वर्षांवर एकाच खोलीत काम करत राहिले. एकाने चूक केली असती तर दुसऱ्याचं गाणंही पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं.

रेईश मागूशला किल्ला बघायला पर्यटकांची गर्दी असते. वाळपईहून कामानिमित्त पणजीला जाणं होतं, तेव्हा मांडवीपलीकडे ते पांढरं चर्च दिसतं. सहा जानेवारीला तिथे तीन राजांचं फेस्त भरतं. पुढच्या वेळी तिकडे गेलात तर एवढं लक्षात असू द्या: राज कपूरच्या गाण्यातला तो भरलेला आवाज या गावच्या माणसाच्या छडीवर चालला होता. आणि रेडिओवर ते गाणं लागलं, निवेदकाने चार नावं सांगितली, की घरातल्या मुलांना पाचवं आपण सांगायचं.